ब्रायटनजवळच्या खडूच्या टेकड्यांवर धावायचंय : मार्ग कोणते, आणि धुळ्यात सराव कुठे?

पांझराकाठ (धुळे)

राम राम मंडळी. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात मुलाकडे इंग्लंडमध्ये ब्रायटनला जायचं आहे. शहराच्या मागेच साउथ डाउन्सच्या टेकड्या आहेत. तिथे तीन वेगवेगळ्या दिवशी १५ ते २२ किलोमीटर धावायचा विचार आहे. शर्यत नाही, घड्याळाशी स्पर्धा नाही, पण नुसतं फिरायलाही जायचं नाही. धावायचंच आहे.

वय ४७, हाफ मॅरेथॉन २ तास १० मिनिटं, तीही सपाट डांबरी रस्त्यावर. आठवड्याला ३५ किलोमीटर होतात, बहुतेक नकाणे तलावाच्या बाजूला. डोंगराचा सराव काहीच नाही. गुडघ्यांची तक्रार नाही.

गाडी न लागणारे, म्हणजे रेल्वे किंवा बसने जाऊन-येऊन करता येतील असे तीन मार्ग हवे आहेत. आत्ता जून आहे, म्हणजे हाताशी चार महिने. धुळ्याच्या आसपास सराव कुठे आणि कसा करावा? त्या टेकड्या फार उंच नाहीत असं वाचलं. मग वेगळा सराव खरंच लागतो का?

सातपायरी

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. डिचलिंग बीकन हा तिथला नावाजलेला माथा २४८ मीटरचा आहे. आपलं धुळे शहरच समुद्रसपाटीपासून जवळपास तेवढ्या उंचीवर आहे. तेव्हा उंचीची भीती नको. त्रास होतो तो चढ-उतार संपत नाहीत म्हणून. अरुन, अडूर, ऊझ आणि ककमिअर या नद्यांनी डोंगररांग आडवी कापली आहे. प्रत्येक नदीशी जवळजवळ समुद्रसपाटीला उतरायचं आणि पुन्हा दीड-दोनशे मीटर चढायचं. विंचेस्टर ते ईस्टबर्न ही साउथ डाउन्स वे नावाची १६० किलोमीटरची वाट म्हणूनच माणसाला थकवते.

जमीन आपल्यापेक्षा अगदी वेगळी आहे. खडू सच्छिद्र असतो, पाऊस पडला की पाणी खाली मुरतं. त्यामुळे माथ्यावर ओढा नाही, झरा नाही. डेव्हिल्स डाइकसारखी खोल दरीसुद्धा कोरडी आहे. हिमयुगात जमीन गोठलेली असताना पाणी वरून वाहिलं आणि त्यानं ती कोरली. म्हणून माथ्यावर पाणी मिळेल हे गृहीत धरू नका. पाऊण ते एक लिटर अंगावर हवं.

रांगेची उत्तर बाजू उभी आहे आणि दक्षिण बाजू समुद्राकडे हळूहळू उतरत जाते. मुख्य वाट बहुतेक उत्तरेच्या कडेनं, माथ्यावरून जाते. वारा बहुतांशी नैर्ऋत्येचा. तेव्हा पश्चिमेकडून पूर्वेला धावा, वारा पाठीशी राहील. उघड्या माथ्यावर समोरून वारा घेत १५ किलोमीटर काढणं म्हणजे दुप्पट मेहनत.

आता मार्ग. सोप्यापासून अवघडाकडे जा.

पहिला, डेव्हिल्स डाइक ते लुईस, सुमारे १८ किलोमीटर. ब्रायटनहून ७७ नंबरची बस थेट डाइकला जाते. ऑक्टोबरात ती रोज असेलच असं नाही, वेळापत्रक आदल्या दिवशी बघा. तिथून उतरून सॅडल्सकम फार्म, इथे पाण्याचा नळ आहे. मग पायकम, तिथून चढून जॅक आणि जिल या जोड पवनचक्क्यांपाशी, पुढे माथ्यामाथ्यानं डिचलिंग बीकन. इथवर ९-१० किलोमीटर होतात. थकलात तर बीकनवरून ७९ नंबरची बस आहे, पण तिच्या भरवशावर शनिवार-रविवारीच राहावं. पुढे ब्लॅककॅप टेकडीवरून लुईस गाव गाठायचं आणि रेल्वेनं ब्रायटन.

या मार्गावर चुकायची एकच जागा आहे. साउथ डाउन्स वेची खूण म्हणजे ओकच्या फळाचं चिन्ह. लोक ते बघत बघत धावतात. पण बीकननंतर, ब्लॅककॅपच्या अलीकडे, मुख्य वाट उजवीकडे दक्षिणेला वळून खाली ए२७ महामार्गाकडे जाते. तुम्हाला लुईस हवं आहे, म्हणून तिथे चिन्ह सोडून सरळ माथ्यावरच राहायचं. खाली उतरलात तर समोर महामार्ग येतो आणि स्टेशन जवळ नसतं.

दुसरा, साउथईझ ते अल्फ्रिस्टन, साधारण १२ किलोमीटर. लुईस-सीफर्ड रेल्वेवर साउथईझ हे छोटं स्टेशन आहे, वाट त्याच्या दारातूनच जाते. नदीकाठून निघताच इटफर्ड हिलचा चढ लागतो, तो पहिल्या दोन किलोमीटरात दम काढतो. स्टेशनवर उतरल्या उतरल्या अंग गरम नसताना तो पळत चढू नका. दहा मिनिटं चाला, मग धावा. वर पोचलात की फर्ल बीकनपर्यंत (२१७ मीटर) मऊ, आखूड गवत. मेंढ्या चरून गवत आखूड ठेवतात. तिन्हीत धावायला सर्वांत सुंदर पट्टा हाच. अल्फ्रिस्टनहून बस कमी आहेत. ककमिअर नदीच्या बाजूनं आणखी पाचेक किलोमीटर एक्सीटपर्यंत गेलात तर ब्रायटन-ईस्टबर्न मार्गावरची १२ नंबरची बस मिळते, ती वारंवार असते.

तिसरा, सीफर्ड ते ईस्टबर्न, सेव्हन सिस्टर्सच्या कड्यांवरून, २१-२२ किलोमीटर. सीफर्ड हेड चढून गेलं की समोर सगळे पांढरे कडे एका नजरेत दिसतात. मग ककमिअर नदी आडवी येते. ओहोटीला ती उथळ दिसते, तरी पाण्यातून जायचं नाही. आत वळून एक्सीटच्या पुलावरून यायचं. कड्यांखालच्या किनाऱ्यानंही धावू नका, भरती आली की परतायला वाट राहत नाही. पुलानंतर तीन-चार किलोमीटरात एकामागून एक सात टेकाडं. सर्वांत उंच हेवन ब्राउ फक्त ७७ मीटर, पण प्रत्येक उतार उभा आणि लगेच तसाच चढ. मग बर्लिंग गॅप, तिथे उपाहारगृह आहे. तिथून बेल टाउट दीपगृह आणि शेवटी बीची हेड, १६२ मीटर. पाय गेलेले असताना सर्वांत मोठा चढ समोर येतो, म्हणून बर्लिंग गॅपला खाऊन घ्या.

कड्याच्या कडेपासून लांब राहा. खडू खालून झिजतो, वर गवत तसंच राहतं आणि सूचना न देता मोठा तुकडा कोसळतो. बेल टाउट दीपगृहच १९९९ मध्ये उचलून १७ मीटर मागे सरकवावं लागलं. वाट रुंद आहे, आतल्या अंगानं धावा.

वेळेचा हिशेब : १०० मीटर चढ म्हणजे सपाटीवरचे जवळपास ८०० मीटर धरा. तिसऱ्या मार्गावर ६०० मीटरच्या आसपास चढ धरला तर २२ अधिक ५, म्हणजे २७ किलोमीटरची मेहनत. तुमच्या वेगाला तीन ते साडेतीन तास.

बरड-मुरूम

सातपायरी भाऊंनी मार्ग चोख दिलेत. सरावाचं मी सांगतो.

आपल्याकडे डोंगराचा सराव म्हटलं की लोक घाट शोधतात. कन्नड घाट, कोंडाईबारी. दोन्ही महामार्गाचे घाट, ट्रकची रांग, कडेला पाय ठेवायला जागा नाही. तिथे धावूच नका. शिवाय घाटात चढ सलग असतो आणि तुमच्या कामाचा तो नाही. तुम्हाला हवा २५-३० मीटर उंचीचा छोटा चढ, आणि तो पुन्हा पुन्हा.

धुळ्यात त्यासाठी लळिंग किल्ल्याची बाजू चांगली. शहरापासून दहाएक किलोमीटर. तिथवर महामार्गानं पळत जाऊ नका, गाडी पायथ्याला लावा. कुरणाची जमीन वनखात्याची आहे, आत जायची वेळ आणि परवानगी गेटवर विचारून घ्या. किल्ल्याची वाट दगडांची आणि तुटक आहे, ती चालत चढण्यासाठी ठेवा. धावायला पायथ्याचे मुरमाड चढ बघा. दुसरी जागा म्हणजे धुळे-नंदुरबार पट्ट्यात काळ्या दगडाच्या ज्या सरळ, अरुंद धारा मैलोन् मैल गेल्या आहेत त्या. जुन्या भेगांत लाव्हा भरून थिजला, आजूबाजूचा मऊ दगड झिजला आणि धार उरली. माथा धावण्यालायक नसतो, धोंडे सुटे असतात. पण धार जिथे गाडवाटेनं ओलांडली जाते तिथे दोन्ही बाजूंना नेमका हवा तसा चढ-उतार मिळतो. अशी जागा शेताच्या बांधावर असते, मालकाला विचारून जा.

चढ निवडताना लांबी २५०-३०० मीटर आणि त्यात २५-३० मीटर उंची. यापेक्षा उभा घेतलात तर चालावं लागेल. पहिले तीन आठवडे ६ फेऱ्या, मग ८, मग १०. दर चौथ्या आठवड्याला निम्म्यावर या. चढताना दोन शब्द बोलता येतील एवढाच जोर. खरा सराव उतरतानाचा आहे, त्यामुळे उतार विश्रांती म्हणून ढकलत येऊ नका. पावलं आखूड आणि पटापट, पाऊल कमरेच्या खाली पडलं पाहिजे, पुढे फेकलेलं नको. शरीर मागे टाकलं की टाच घासते, गुडघ्यावर आदळ बसते आणि ओल्यावर पाय सुटतो. नजर तीन-चार मीटर पुढे.

उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो. म्हणून दुखणं त्या दिवशी येत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कळतं. पहिल्या वेळी हे होणारच. पण एकदा झालं की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उतारानं तेवढं दुखत नाही. सगळ्या सरावाचा गाभा हाच. म्हणून शेवटचा जोरदार उताराचा दिवस निघण्याच्या १०-१४ दिवस आधी ठेवा. त्याहून जवळ नको, आणि महिनाभर आधीच थांबवूही नका.

घरी : २० सेंटिमीटरच्या पायरीवर एका पायावर उभं राहून दुसरी टाच तीन सेकंदात जमिनीला टेकवायची, प्रत्येक पायाला १०, असे तीन वेळा. टाचा उचलणं १५, तीन वेळा. आठवड्यातून दोनदा पुरे.

लांब धाव दर रविवारी. जुलैत त्यात २०० मीटर चढ, ऑगस्टमध्ये ३५०, सप्टेंबरअखेर ५५०-६००. म्हणजे तिसऱ्या मार्गाइतकी चढाई घरीच झालेली असेल.

पावसाळ्यात काळ्या मातीची पाणंद टाळा. चार पावलांत बुटाला एवढा चिखल चिकटतो की घोटा मुरगळतो. पाऊस थांबल्यावर अर्ध्या दिवसात बरड धावण्याजोगं होतं, काळी जमीन दोन-तीन दिवस होत नाही. सप्टेंबरनंतर कुसळ तयार होतं, मोज्यात घुसलं की धावणं संपलं. घोट्यावर घट्ट बसणारं गेटर, म्हणजे बुटाचं तोंड झाकणारं कापडी आवरण, घाला. आणि सुट्या दगडांत हात घालायचा नाही, फुरसं असतं.

गिरणाथडी

एक भर आणि एक मतभेद.

भर : सलग दोन दिवस धावायचा सराव एकदा तरी करा, कारण तिथे थकल्या पायांनी दुसरा मार्ग करायचा आहे. त्याला तोरणमाळ उत्तम. साधारण ११५० मीटर उंची, हवा गार, आणि वर पठार लाटांसारखं आहे. यशवंत तलावाच्या भोवतालून चढ-उतार मिळतात. सातपायरी घाटातून धावत चढायचा मोह टाळा. पावसाळ्यात धुकं असतं, दरडी येतात आणि वळणावर गाडीवाल्याला माणूस दिसत नाही. गाडीनं वर जा, वर धावा. जळगावकडच्या कुणाला हवं असेल तर मेहरूण तलाव सपाट आहे, त्यापेक्षा पद्मालयाच्या बाजूचं माळरान बरं. पाल आणि पाटणादेवीचा परिसर अभयारण्यात येतो. परवानगी आणि वेळ पाळूनच जायचं, पहाटेच्या अंधारात धावायला ती जागा नाही.

मतभेद : तिसऱ्या मार्गाचा क्रम. सेव्हन सिस्टर्स शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवू नका. ऑक्टोबरअखेर तिथलं हवामान दोन-तीन दिवस सलग बिघडतं. कड्यावर जोराचा वारा असेल तर तो मार्ग करायचाच नाही. त्यामुळे पहिल्या मार्गानं पाय मोकळे झाले की पुढचा जो स्वच्छ, कमी वाऱ्याचा दिवस मिळेल तो त्याला द्या. दुसरा मार्ग आत आहे, थोड्या वाऱ्यापावसातही निभतो.

पांझराकाठ (धुळे)

सगळ्यांचे मनापासून आभार. क्रम बदलते. आता बुटांचं सांगा. सध्या रस्त्याचेच आहेत. पाऊस लागला तर खडूवर घसरतं म्हणतात, ते कितपत? काठ्या घ्याव्यात का? आणि दोन मार्गांवर मी एकटीच असेन.

वाघूर

ताई, घसरतं, आणि सरळ चालतानाही घसरतं. वाटेवरचा खडू सायकली आणि बुटांखाली दळला जातो. पाऊस पडला की त्याचा पातळ लेप घट्ट खडूवर बसतो. ओल्या फरशीवर साबण सांडावा तसा. खाली पकडायला माती नसते, त्यामुळे तिथे तळव्याचे दातेही रुतत नाहीत. उपाय बुटात कमी, वाटेत जास्त आहे : पांढरी उघडी वाट दिसली की कडेच्या गवतावर जा. गवतावर दाते धरतात.

खडूतून गारगोटी निघते, ती दुसरी अडचण. फुटली की कड धारदार होते. मऊ रबराच्या तळव्याला ओल्या गारगोटीवर बरी पकड मिळते, कडक रबर सटकतं. आणि काही माथ्यांवर खडूच्या वर गारगोटी मिसळलेली चिकणमाती आहे. ती आपल्या काळ्या मातीची आठवण करून देईल.

म्हणून ट्रेल शूज, दाते ४ ते ५ मिलिमीटर, एकमेकांपासून लांब. दाटीचे दाते चिखलानं भरून जातात. ६-८ मिलिमीटरचे घेऊ नका. कोरड्या दिवसांत तिथली वाट टणक असते, तेवढे दाते तळव्याला टोचतात आणि पोटरी ओढली जाते. पुढच्या पायाखाली पातळ संरक्षक पट्टी असेल तर गारगोटी लागत नाही. अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवा, नाहीतर सात उतारांत नखं काळी पडतील. सर्वांत वरच्या जादा भोकातून नाडी ओवून टाच घट्ट बांधा, पाय पुढे सरकणं थांबतं. बूट ऑगस्टमध्ये घ्या, इथे शंभरेक किलोमीटर होऊ द्या.

काठ्या नकोत. चढ छोटे आहेत, दर दहा मिनिटांनी काढा-ठेवा करावी लागेल. शिवाय वाटेत फाटकं बरीच आहेत, ती उघडून मागे बंद करायला हात मोकळे हवेत. फाटक जसं मिळालं तसंच सोडायचं, आत गुरं असतात. वासरू असलेली गाय वाटेवर असेल तर मधून जाऊ नका, लांबून वळसा घाला.

एकट्या असाल तर बाणांचे रंग लक्षात ठेवा. पिवळा बाण फक्त पायी माणसांसाठी. निळ्या वाटेवर सायकली आणि घोडेही येतात, म्हणून कानात इअरफोन नको. नकाशा ऑर्डनन्स सर्व्हेचा १:२५,०००, ओएल११ ब्रायटनकडचा आणि ओएल२५ ईस्टबर्नकडचा. फोनवर उतरवून घ्या, दऱ्यांत रेंज जाते. अडचणीत ९९९ किंवा ११२. लांब गवतातून गेलात तर घरी येऊन पिंढऱ्या आणि गुडघ्यामागचा भाग तपासा. तिथल्या गोचिडीपासून लाइम हा आजार होतो. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची, तेल-चुना काही लावायचं नाही.

कपडे : तापमान १० ते १५ अंश, पण माथ्यावर वारा. घाम आलेल्या अंगाला तो थांबल्या क्षणी झोंबतो. वारा अडवणारं पातळ जाकीट कमरेला आणि पातळ हातमोजे खिशात असू द्या. थंडीत तहान लागत नाही, तरी दर वीस मिनिटांनी दोन घोट. खाणं तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. आपली शेंगदाणा चिक्की चालते, पण चढावर चावताना श्वास लागतो, सपाटीवर खा.

सातपायरी

गिरणाथडी भाऊंचा क्रम मान्य. एक राहिलं होतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात. शनिवारी पावणेसहाच्या सुमारास मावळणारा सूर्य रविवारी पावणेपाचच्या आतच मावळतो. तुमचे दिवस नेमके त्याच आठवड्यात येतील. सकाळी दहाच्या आत सीफर्डहून निघा, आणि छोटा हेडटॉर्च घ्याच.

त्याच दिवसांत बीची हेड मॅरेथॉनही असते. तिची वाट ईस्टबर्नहून निघते आणि परतताना सेव्हन सिस्टर्सवरूनच येते. तारीख आधी बघून ठेवा. त्या दिवशी तिथे दुसऱ्या बाजूनं जाल तर अरुंद जागी थांबत राहावं लागेल.

बरड-मुरूम

आणि ताई, निघण्याआधी बूट धुवा. काळी माती आणि कुसळ तळव्याच्या दात्यांत, नाडीत अडकलेलं असतं. दुसऱ्या देशात इथलं बी-माती नेऊ नये. जुना टूथब्रश, कोमट पाणी, आणि सावलीत दोन दिवस वाळवणं. आतली पट्टी काढून वाळवा, नाहीतर बॅगेत वास मारेल. तिथेही धावून आलात की खडूचा लेप ओला असतानाच नळाखाली धरा, वाळला की जाळीत घट्ट बसतो आणि बूट कडक होतो.